आजीची सही चालत नाय

आद्रकीचं बेणं ज्यानं कधी मोडलं नाय, त्यानं माझ्या हाताकडं बघून नाक मुरडू नये. गड्डा हातात घ्यायचा, डोळा कुठं हाय ते बघायचं, आन अंगठ्यानं कडकन तुकडा पाडायचा. दिसायला सोपं. पण रस भेगांत शिरला की सांजच्याला हात असे पेटतात, की भाकरी थापायला पीठ घेतलं तरी डोळ्यातून पाणी येतं. बाया बेण्याच्या कामाला सहज येत नाहीत. आम्ही येतो, कारण उन्हाळ्यात दुसरं काम नसतं.

रामकिसन पाटलाच्या मळ्यात लिंबाखाली आम्ही बसलो होतो. पारूबाई माझ्या बाजूला. तिच्या घराला आन माझ्या घराला एकच भिंत. तिनं कढई खरवडली तर मला आवाज येतो. म्हणून सांगते, तिचं मला सगळं ठाऊक होतं असं मी समजत होते. पुढं कळलं, कायच ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी दहावीचा निकाल लागला. तिची नात विशाखा सायकल दामटत मळ्यात आली, लांबूनच वरडली, "आजी, पास! फर्स्ट क्लास!" पारूबाईनं हातातला गड्डा टाकला आन ओट्यातून गुळाचा खडा काढला. सकाळपासून बांधूनच आणला होता बाईनं! सगळ्या बायांना वाटला. रामकिसन पाटील मोटारीजवळ उभे होते, त्यांनाबी दिला.

"आता काय करणार पोरीचं?" पाटलांनी विचारलं.

"शहरात घालते. इंजनेरीचा डिप्लोमा."

"पैसा?"

"हाय की. सुकन्याचं खातं हाय तिचं पोस्टात." पारूबाई असं बोलली, जसं गावात दुसऱ्या कुणाकडं कायच नाय. "दहावी झाली की शिक्षणाला निम्मं निघतं. राहिलेलं ती मोठी झाल्यावर तिचं. मधी कुणाच्या बापाला हात लावता येत नाय. आन पाटील, त्याच्यावर कर बी नाय बरं का!"

पाटील हसले. बेणं मोडणारी बाई कराचं बोलती म्हणून हसले असतील. हसू द्या. ते खातं काढलं तव्हा विशाखा चड्डीत फिरत होती. तव्हापासून पारूबाईनं दर बाजाराला आधी पोस्ट केलं आन मग मीठ-मिरची. तिच्या अंगावरचं लुगडं बघितलं असतं तर पाटलाला हसू आलं नसतं.

आन बापाला हात लावता येत नाय, हे ती उगं बोलत नव्हती. तिचा लेक अभय लई गोड माणूस. बोलायला लागला की समोरच्यानं खिशातलं काढून द्यावं. आज चायनीजची गाडी, उद्या मोबाईलचं दुकान, परवा प्लॉटची दलाली. हात लावंल तिथं माती. शहरात दुसरी बायको केली, मोनाली, तिच्यासंग राहतो. पहिली बायको रत्नमाला, विशाखाची माय. तिचं पुढं सांगते.

सोमवारी आम्ही पोस्टात गेलो. पोस्ट रोडच्या गावाला, करमाडला, बाजारतळाच्या मागं. पारूबाईनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं. मला म्हणली, "तू चल गं, मला तिथं लई बोलतात." म्हणजे लई मान देतात. खरंच देत होते. खिडकीतल्या म्याडम तरुण होत्या, चांगल्या होत्या, "या आजी" म्हणल्या. कागद घेतले, कंप्युटरात बघितलं, आन त्यांचा चेहरा उतरला.

"आजी, खात्यावर पालक म्हणून तुमचं नाव हाय."

"मग? मीच पालक."

"नियम बदललाय आजी. आजी-आजोबांनी काढलेलं खातं आता आई नाहीतर वडलांच्या नावावर करावं लागतं. ते केल्याशिवाय पैसे निघणार नाहीत."

"मी काय मेले का?"

"तसं नाही हो. तुमची सही आता चालत नाही."

मागं रांग होती. रांगेचं काय, दुसऱ्याचं काम अडलं की लगेच कान टवकारती. पुंडलिक गुरुजी पुढं आले. शाळेतनं रिटायर झालेले, पेपर पाठ करणारे. म्हणले, "मागच्या वर्षीच आलंय हे. माझ्या बी दोन नातींचं तसंच झालं. पैसे आजोबानं भरायचे आन सही जावयाची! उभ्या जन्मात ज्यानं पोरीला वही घेतली नाय, तो पालक!"

"बरोबर हाय सरकारचं," एक टोपीवाला बोलला. "म्हाताऱ्या माणसाचा काय भरवसा? आज हाय, उद्या नाय."

"तू आधी जाशील!" गुरुजी तडकले. सगळी रांग हसली.

कडेवर पोर घेतलेली एक सून होती, ती हळूच म्हणली, "माझं तर बेस झालं बाई. लेकरू माझं आन सासू म्हणायची खातं माझं. आता तिलाच माझ्या पाया पडावं लागलं." तिचं ऐकून बाया तोंडाला पदर लावून हसल्या. पारूबाई हसली नाय.

"अहो मग लेकाला आणा की आजी," टोपीवाला म्हणला. "दोन मिनिटांचं काम. आमचं परवा झालं."

दोन मिनिटांचं! ज्याचा लेक घरात जेवतो त्याचं दोन मिनिटांचंच असतं.

पारूबाईनं खिडकीच्या गजाला धरलं. "म्याडम, ऐका. ही पोरगी मला समाजाच्या बैठकीनं दिलीय. समाजमंदिरात बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून चार माणसांनी सांगितलं, पोरगी पारूबाईपाशी राहील. अख्ख्या गावाला ठाऊक हाय. ही सत्यभामा होती तिथं, विचारा."

म्याडमनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. काय करणार? होतेच मी.

"कोर्टाचा कागद हाय का?"

"कागद कशाला? माणसं हायती ना. त्यातले दोन अजून जिते हायती."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. गुरुजीबी खाली बघायला लागले. इतकी वर्षं पारूबाईनं त्या बैठकीच्या जिवावर छाती काढून पोरगी वाढवली. शाळेत तिचीच सही, दवाखान्यात तिचीच, कुणी विचारलं नाय. तिला खरंच वाटत होतं, चार माणसांनी सांगितलं म्हणजे दिल्लीला ठाऊक असंल. म्याडम हळू आवाजात म्हणल्या, "वडील नसतील येत, तर आई चालेल आजी. दोघांतलं कुणीबी." पारूबाईनं कागद उचलले आन पायऱ्या उतरली. चप्पल तिथंच राहिली, ती मी आणली.

आता त्या बैठकीचं सांगते. अभय तव्हा रत्नमालाला लई मारायचा. मोनालीचं प्रकरण चालू झालं होतं. रत्नमाला म्हणली, मी लेकरू घेऊन माहेरी जाते. पारूबाई आडवी झाली. लेक वाया गेला ते तिलाबी दिसत होतं, पण नात जाऊ द्यायची नव्हती. बैठक बसली. बाप्ये पुढं, आम्ही बाया मागं. पुढच्यांनी ठरवलं, लेकरू बापाच्या घरचं. रत्नमालाला बोल म्हणून कुणी म्हणलंच नाय. ती उठली आन पायी रोडपर्यंत गेली. वरीसभरात अभयबी शहरात गेला. म्हणजे ज्या बापाच्या घरचं लेकरू होतं, तो बापच घरात नाय. पण बैठक परत बसली नाय. बसती का कधी?

पोस्टातली गोष्ट गावात आमच्याआधी पोचली. बुधवारी अभय मोटारसायकलवर आला. पेढ्याचा पुडा, आईच्या पाया पडला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "फर्स्ट क्लास! रक्त कुणाचं हाय!" म्हणला. मी भिंतीपलीकडून सगळं ऐकत होते. खोटं कशाला बोलू, कान लावूनच ऐकत होते.

"आई, एवढ्या उन्हात गेलीस कशाला? मला फोन करायचा. मी बाप हाय ना? सोमवारी येतो, सही मारतो, खल्लास."

"आन पैसे?"

"पैसे माझ्या खात्यावर येतील, मी कॉलेजात भरीन. पण आई, मी काय म्हणतो, डिप्लोमा कशाला? इथनं जाऊन-येऊन आर्ट्स करंल. एक पिकअप गाडी बघून ठेवलीय, शेंद्र्याला कंपनीत भाड्यानं लागती. सहा महिन्यांत दुपटीनं भरतो पोरीच्या खात्यावर. आपलं घरचंच हाय ना सगळं?"

विशाखानं चहा ठेवला असंल, कपाचा आवाज आला. मग पोरीचा आवाज आला, "पप्पा, फॉर्मची तारीख जवळ हाय." आन अभय हसून म्हणला, "तारखा काय, येतच राहतात."

तो गेल्यावर पारूबाई माझ्या दारात येऊन बसली. हात मांडीवर उताणे ठेवले होते, लाल भडक झालेले.

"सोमवारच्या आत करावं लागंल," ती म्हणली. "सत्यभामा, उद्या माझ्यासंग शहरात छावणीला येती का?"

छावणीत कोण राहतं ते मला ठाऊक होतं. मी म्हणलं, "जाशील तिच्या दारात?"

"न जाऊन कुणाला सांगू?" तिचा आवाज एकदम फुटला. "माझ्या पोटचा हाय, म्हणून ठाऊक हाय मला. खाऊन टाकील गं तो. चाटून पुसून खाईल."

करमाडवरून जालन्याकडून येणारी बस धरली, शहरात उतरलो, रिक्षानं छावणीच्या बाजारात गेलो. रत्नमाला एका डब्याच्या खानावळीत चपात्या लाटत होती. आत भट्टीसारखं गरम. तिनं आम्हाला बघितलं, लाटणं थांबलं नाय. "बसा, डबे जायचेत," एवढंच म्हणली. आम्ही बाहेर पायरीवर बसलो. डबेवाली पोरं आमच्या डोक्यावरून पिशव्या नेत होती. एकानं पारूबाईला म्हातारी सरक म्हणलं. सरकली. गावात हिला कुणी असं बोललं असतं तर सात पिढ्या उद्धरल्या असत्या.

डबे गेल्यावर रत्नमाला बाहेर आली. कोपरापर्यंत पीठ. अंगानं भरली होती, केस पिकायला लागले होते. तांब्याभर पाणी दिलं.

"बोला आत्या."

पारूबाईनं सांगितलं. नियम, सही, अभय, पिकअप. सांगताना एकदाबी वर बघितलं नाय. मला वाटलं आता ही सुनवंल, चांगली सुनवंल. हक्कच होता तिचा.

"सही करते," रत्नमाला म्हणली. "तिच्यासाठी करते. पण आधी एक सांगा. पोरीला माझं काय सांगितलंय?"

पारूबाईनं तांब्या खाली ठेवला.

"मेली म्हणून?"

"नाय गं... सोडून गेली म्हणून."

"आन जयंतीचा ड्रेस?"

कसला ड्रेस, मला कळंना. दर चौदा एप्रिलला विशाखाला नवा ड्रेस असायचा. पांढरा, कधी निळ्या ओढणीचा. मिरवणुकीत सगळ्या पोरींत उठून दिसायची. आम्ही बाया म्हणायचो, आजी असावी तर अशी, स्वतः फाटकं नेसती आन नातीला बघा!

"मी घेतला म्हणून सांगितलं," पारूबाई म्हणली.

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

रत्नमालानं हाताचं पीठ चोळून काढलं. "मार्चात सुट्टी काढून मी शाळेच्या फाटकापाशी उभी राहायची, सत्यभामाबाई. लांबूनच. माप कळावं म्हणून. पोरीची उंची कुठवर आली, दंड किती भरला. मग कापड घ्यायचं, शिवायचं आन आत्याच्या हातात द्यायचं, रोडवर, आंब्याखाली. आत्या म्हणायच्या, गावात येऊ नको, पोरगी बिथरंल. फाटकाच्या पुढं मी कधी नाय आले." मग पारूबाईकडं वळून म्हणली, "हे तुम्ही तिला सांगायचं. माझ्या समोर. त्याच्याबिगर पेन हातात घेणार नाय."

अगं माय! इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून मी काय ऐकत होते मग?

शनिवारी पोस्टात आम्ही चौघी. पारूबाईनं विशाखाला घरी कायच सांगितलं नव्हतं, सांगवलंच नसंल. पोरगी रत्नमालाकडं बघून आधी माझ्यामागं सरकली. म्याडमनी फॉर्म पुढं केला. रत्नमाला हाताची घडी घालून उभी. रांगेत गुरुजीबी होते, त्यांच्या जावयाला घेऊन आलेले.

पारूबाई बोलली. खिडकीला पाठ करून, सगळ्यांसमोर. "इशाखा, ही तुला सोडून नाय गेली. मी जाऊ दिलं नाय तुला. आन जयंतीचे ड्रेस हिचे. मी एकबी घेतला नाय."

विशाखा माझ्यामागून पुढं आली. रडली नाय. एकच विचारलं, "निळ्या ओढणीचा पण?"

"तोबी."

मग रत्नमालानं पेन घेतलं, सही केली. म्याडम म्हणल्या, "झालं आजी, आता काळजी नाही." त्या बिचारीला काय ठाऊक! रांगेतला टोपीवाला त्या दिवशीबी होता, म्हणला, "बघा, दोन मिनिटांचं काम." माझ्या तोंडात शिवी आली होती, गिळली.

पोस्टाबाहेर रत्नमाला पोरीला नुसतं म्हणली, "कॉलेज माझ्या खोलीपासून जवळ हाय. यायचं तर ये, नायतर होस्टेल बघू." हात धरला नाय, ओढलं नाय. पोरीनं दोन दिवस आजीशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी पत्र्याची पेटी भरली. सगळे जयंतीचे ड्रेस घेतले, अंगाला न येणारे, हातभर लांबीचे, लहानपणचेसुद्धा. पारूबाई चुलीपाशी बसून बघत होती. म्हणली, "ते कशाला गं, येतात का तुला?" पोरीनं पेटीची कडी लावली. माझ्या पाया पडली, आजीच्याबी पडली, पण उठताना तिच्या तोंडाकडं बघितलं नाय.

अभय सोमवारी कागद घेऊन आला, आन खरं कळल्यावर रोडवर उभा राहून आईला नाय नाय ते बोलला. सगळ्या गल्लीनं ऐकलं. सवतीला पोरगी विकली इथपर्यंत गेला. कुणाची सवत, काय बोलतो याचं भान नाय. मी बाहेर आले आन म्हणलं, "पेढ्याचे पैसे परत पायजे का तुला?" तव्हा गाडीला किक मारली त्यानं.

निम्मे पैसे निघाले, फी भरली गेली. जसं पारूबाईला पाहिजे होतं, अगदी तसंच झालं सगळं. कायद्याला ना तिचं काय ठाऊक, ना रत्नमालाचं. बैठकीनं डोळे उघडे ठेवून जे लेकरू हिसकलं, ते सरकारनं न बघताच परत दिलं. मला याचा राग यावा का बरं वाटावं, अजून कळत नाय. दोन्ही होतं, आन दोन्हीनं छाती जळती.

पारूबाई पोस्टात जायची थांबली नाय. पैसे कुणीबी भरू शकतं, त्याला नियम आडवा येत नाय. बाजाराच्या दिवशी खिडकीत नोटा सारायची, म्याडम पावती द्यायच्या, त्याच्यावर नाव रत्नमालाचं. पारूबाईला वाचता येत नाय, म्हणून पावती मला दाखवायची. "बरोबर हाय का बघ." मी म्हणायची, बरोबर हाय.

एप्रिल आला. पारूबाईनं शहरात जाऊन दुकानातून ड्रेस घेतला, पांढरा, निळ्या ओढणीचा. आयुष्यात पहिल्यांदा. जयंतीच्या दिवशी मला घेऊन छावणीला गेली. सगळीकडं निळे झेंडे, डीजे, पोरं गुलालात. रत्नमालाच्या खोलीचं दार उघडं होतं. आम्ही उंबऱ्यापाशीच थांबलो. "जय भीम आत्या, आत या," रत्नमाला म्हणली. पारूबाई गेली नाय. तिथूनच पिशवी पुढं केली.

विशाखा बाहेर आली. रंग उजळला होता, वेणी जाऊन केस कापलेले. अंगावर नवा ड्रेस आधीच होता, घरी शिवलेला. तरी तिनं पिशवी उघडली, अंगाला लावून बघितलं. बाही कोपराच्या जरा खाली संपली. खांदे तर बसणारच नव्हते.

"आजी, लहान झाला गं," ती हळू बोलली.

"बदलून आणू या आत्या," रत्नमाला म्हणली. "पावती असंल ना?" टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

पारूबाईनं ड्रेस परत घेतला, घडी घातली, पिशवीत ठेवला. परतीच्या बसमध्ये तो तिच्या मांडीवर होता. करमाड जवळ आलं. मग खिडकीकडं तोंड करून म्हणली, "सत्यभामा, दहा वर्षं माझ्याच कुशीत झोपत होती की गं ती. मला कसं नाय कळलं ती एवढी झाली?"

थांबा आला, मी तिची पिशवी उचलली, आन आम्ही उतरलो.